वाचलेला वेळ कुणाच्या खात्यात?

नवं यंत्र आणि नवी सून यांचं स्वागत आपल्याकडे एकाच पद्धतीनं होतं. आधी चौकशी, मग संशय, मग ‘आमच्या वेळी हे नव्हतं, पण काही अडलं नाही’ हे वाक्य, आणि पाचदहा वर्षांनी ती चार दिवस माहेरी गेली, की घरात साखरेचा डबा कुणाला सापडत नाही. बँकेतल्या कॉम्प्युटरचं हेच झालं. एके काळी त्याच्या नावानं गेटवर घोषणा देणारी आमची पिढी आज काउंटरवरच्या मुलीनं ‘सिस्टिम बंद आहे’ म्हणून सांगितलं, की ‘काय हा कारभार!’ म्हणून त्रागा करते.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत २७ वर्षं कारकुनी केली. १९७४ साली चिकटलो आणि २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. (त्या सुमाराला सरकारी बँकांतून लाखभर माणसं अशी ‘स्वेच्छेनं’ घरी आली. ही स्वेच्छा नेमकी कुणाची, हा वेगळा विषय आहे.) या काळात विम्याचे हप्ते थकले, वाण्याची उधारी थकली, पण युनियनची वर्गणी एकदाही थकली नाही, कारण ती परस्पर पगारातूनच कापून जात असे. तेव्हा युनियन या विषयावर चार शब्द बोलायचा माझा अधिकार रोखीनं मिळवलेला आहे.

आता म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कृत्रिम दात बघितले, कृत्रिम रेशीम बघितलं, कृत्रिम हसू तर मॅनेजरच्या केबिनमध्ये रोज बघितलं. पण बुद्धीसुद्धा कृत्रिम मिळू लागली म्हटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता युनियननं करायचं काय? टायपिस्टच्या पोटावर यंत्र आलं, तर टायपिस्ट भांडतील. पण पत्र लिहायचं, हिशेब जुळवायचा, अहवालाचं सार काढायचं, नोटिशीचा मसुदा करायचा, ही सगळीच कामं एक यंत्र करू लागलं, तर कुणी कुणासाठी भांडायचं? आणि मुख्य म्हणजे, कशासाठी?

या ‘कशासाठी’पाशी माझं घोडं अडलं.

दिवाणखान्यात बसून पेपर वाचणाऱ्यांचं यावर एक ठरलेलं मत असतं : युनियनवाले म्हणजे यंत्राचे हाडवैरी. पुरावा म्हणून ते थेट इंग्लंडात जातात. १८११ साली नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणणाऱ्या कारागिरांनी रात्री जाऊन माग फोडले. त्यांना लडाइट म्हणतात, आणि आता ज्याला मोबाइलवरून विजेचं बिल भरता येत नाही, त्यालाही लडाइट म्हणतात. वास्तविक हे कारागीर काही यंत्राला भुताटकी समजणारे नव्हते. मोज्यांचा माग हे त्यांच्या पोटापाण्याचंच यंत्र. त्यांचा राग होता तो त्याच मागावर अर्धवट शिकलेल्या पोरांना बसवून, कमी मजुरीत गचाळ माल काढून घेणाऱ्या मालकांवर. सरकारनं १८१२ साली माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. कवी बायरन लॉर्ड्सच्या सभागृहात आपलं पहिलंवहिलं भाषण करायला उभा राहिला, ते या कायद्याच्या विरोधात. कायदा तरीही झाला. कवीचं कोण ऐकतं?

आपल्याकडेही साठीच्या दशकात कलकत्त्याला असा एक प्रवेश झाला. आयुर्विमा महामंडळानं इलॅको हाऊस या इमारतीत कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं, तर कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा बसवला. आतलं कुणी बाहेर नेऊ नये म्हणून पहारा ठेवतात, हे आपल्याला ठाऊक असतं. बाहेरचं कुणी आत आणून ठेवू नये म्हणून ठेवलेला पहारा मला हा एकच माहीत आहे. ही कुरकुर वाढत गेली, तेव्हा केंद्र सरकारनं १९६९ साली एक समिती नेमली. अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. समितीनं १९७२ साली अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की कॉम्प्युटर आणा, पण निवडून आणा, जपून आणा, नोकऱ्यांकडे बघून आणा. पुण्याचा अध्यक्ष नेमल्यावर अहवालात ‘जपून’ येणार, हे सरकारनं आधीच ओळखायला हवं होतं.

आमच्या बँकांमधली गंमत तर मी या डोळ्यांनी बघितली. सप्टेंबर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. पुढच्या साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, १९८७ मध्ये पुन्हा करार झाला, आणि शाखांमधून एक यंत्र दिसू लागलं. त्याचं नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. होता तो कॉम्प्युटरच. पडदा तोच, कळफलक तोच. पण जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘आमचे हे’ म्हणावं, तसे सगळे ‘एएलपीएम, एएलपीएम’ म्हणायचे. कुठल्या कामाला यंत्र आणायचं, किती आणायची, त्यावर कोण बसणार, बसणाऱ्याला भत्ता काय, हे सगळं लेखी ठरलं. यंत्रामुळं कुणाला घरी पाठवायचं नाही, हेही ठरलं. आणि भत्ता मिळणार असं कळल्याबरोबर कालपर्यंत ‘यंत्र हटाव’ ओरडणाऱ्या मंडळींत सीनियॉरिटीवरून जी जुंपली, ती सोडवायला युनियनला वेगळी मीटिंग घ्यावी लागली.

मी आमच्या सेक्रेटरींना एकदा विचारलं, ‘‘साहेब, तीन वर्षांमागं तुम्ही याच यंत्राची प्रतिमा जाळली होती ना?’’

सेक्रेटरी पान जुळवीत म्हणाले, ‘‘जाळली नसती, तर त्यांनी आपल्याला विचारलं असतं का?’’

विचारलं, हे खरं. पण ‘किती यंत्रं’ आणि ‘किती भत्ता’ यापलीकडचा एक प्रश्न त्यांनीही विचारला नाही आणि आम्हीही नाही. सहामाही क्लोजिंगला आम्ही रात्र रात्र बसून व्याज काढायचो. दोन पैशांचा फरक सापडेना म्हणून पहाटे चारला लेजरवर डोकं टेकून झोपलेले हेडकॅशियर मी बघितले आहेत. यंत्र आलं, आणि ते काम तास-दोन तासांत होऊ लागलं. उत्तम झालं. पण मग आमच्या त्या वाचलेल्या रात्री गेल्या कुठं? कुणाच्या खात्यात जमा झाल्या? बँकेत आयुष्य गेल्यामुळं एक खोड लागली आहे. इकडे नावे पडलं, की तिकडे कुठं तरी जमा दिसलंच पाहिजे.

याचं उत्तर मला बँकेत सापडलं नाही, स्वयंपाकघरात सापडलं. आमच्याकडे मिक्सर आला, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सौ.ला म्हटलं होतं, ‘‘आता तुझा वेळ वाचेल.’’ पंधरा वर्षांनी हा विषय पुन्हा निघाला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘अहो, मी पाट्यावर वाटत होते, तेव्हा तुमच्या घराला आठवड्याला एक चटणी पुरायची. मिक्सर आला आणि सोमवारी इडल्या, बुधवारी आंबोळ्या, रविवारी सांडग्या मिरच्या तळून वर तुमच्या बहिणीला ओल्या नारळाचं वाटण! वेळ वाचला खरा. पण तो तुम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लात.’’

रूथ श्वार्ट्‌झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली याच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे : घरात यंत्रं आली, तरी आईचं काम काही कमी झालं नाही. आमच्या घरात ते एका वाक्यात आटोपलं. स्वयंपाकघरात युनियन नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्रामुळं वेळ वाचतो, हे बोलणं म्हणून अर्धंच राहतं. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, तोवर सूर्य हाच कामगारांचा पुढारी होता. तो मावळला की साचे बंद. मालकाला त्याच्याशी वाटाघाटी करता येत नसत. मग दिवे आले, आणि १९०५ च्या तेजीत गिरणीचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. दिव्याचा यात काय दोष? त्याच उजेडात काम लवकर आटपून माणूस घरी जाऊन पोराची पाटी बघू शकला असता. पण दिवा कुणी लावायचा आणि कुणी मालवायचा, हे ठरवणाऱ्याचा हात बटणावर होता. मजुरांनी कामं बंद पाडली, आरडाओरडा झाला, चौकशी मंडळं बसली, तेव्हा कुठं १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापडगिरणीत मोठ्या माणसाचा दिवस बारा तासांवर आणला.

उलट रविवार घ्या. रविवार हा काही कुठल्या यंत्रानं शोधून काढलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. अर्ज झाले, सभा झाल्या, पुन्हा अर्ज झाले, आणि १० जून १८९० या दिवशी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज आपण मध्यमवर्गीय माणसं रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभे राहतो, दुपारी ताणून देतो आणि उठल्यावर चहा पिता पिता युनियनवाल्यांनी देशाचं कसं वाटोळं केलं, यावर बोलतो.

वाचलेल्या वेळाचा हिशेब केन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञानंही मांडून ठेवला होता. १९३० साली तो म्हणाला, की आणखी शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. बाकीच्या वेळाचं करायचं काय, याचीच त्याला काळजी पडली होती. आमच्या शाखेतल्या दोघातिघांनी पंधरा तासांची ही मर्यादा १९७८ सालीच गाठली होती, पण त्यात अर्थशास्त्राचा काही भाग नव्हता. बाकी जगाला मात्र २०३० उंबरठ्याशी आलं तरी ते साधलेलं नाही. यंत्रांनी आपला शब्द पाळला. तेवढ्याच वेळात कितीतरी पट माल काढून दिला. वेळ तेवढा वाटेत कुणी तरी उतरवून घेतला.

म्हणून मला २०२३ सालचा हॉलिवूडच्या लेखकांचा संप फार आवडला. मुळात लेखकांची युनियन असते, यावरच माझा विश्वास बसेना. मराठी लेखकांनी संप केला, तर तो चालू आहे हे कळवायला जाहिरात द्यावी लागेल, आणि काही प्रकाशक गुपचूप पेढे वाटतील. पण तिकडच्या लेखकांनी १४८ दिवस लेखण्या खाली ठेवल्या. मध्येच नटमंडळीही उतरली, ती ११८ दिवस. मागण्या पुष्कळ होत्या, त्यांत यंत्राचीही होती. आणि गंमत बघा, त्यांनी यंत्राला बंदी मागितली नाही. ठरलं ते असं : यंत्रानं काढलेल्या मजकुराला लेखक म्हणून मान मिळायचा नाही, कंपनीनं असा मजकूर लेखकाच्या हाती दिला, तर तसं सांगायचं, यंत्र वापरायची लेखकावर सक्ती नाही. नटांच्या करारात, चेहऱ्याची डिजिटल प्रतिकृती करायची तर आधी संमती घ्या आणि पैसे मोजा. म्हणजे माणूस घरी झोपलेला असताना त्याचा चेहरा कामावर गेला, तर पगार चेहऱ्याच्या मालकाला! माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत वाचलेल्या वेळावर एवढा सरळ हक्क कुणी सांगितला नव्हता. जर्मनीत तर २०२१ च्या कायद्यानं अशी सोय केली आहे, की कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न निघाला, तर कामगारांच्या समितीनं त्यातला जाणकार बोलवावा आणि त्याचा खर्च मालकानं द्यावा. आमच्या सेक्रेटरींना हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वेळी जाणकाराचा चहासुद्धा युनियनच्या वर्गणीतून होत असे.

आता माझ्या पुतण्याकडे येऊ. तो हिंजवडीला प्रोग्राम लिहितो. म्हणजे लिहीत असे. आता यंत्र लिहितं आणि हा तपासतो. मी त्याला विचारलं, ‘‘किती वेळ वाचतो रे?’’

‘‘रोजचे तीनेक तास, काका.’’

‘‘म्हणजे मग चारलाच घरी येत असशील.’’

मी त्याला ऑफिसात धोतर नेसून जायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘‘काका, टीममधले दोघं कमी केले ना. त्यांचं काम माझ्याकडे आलंय.’’

म्हणजे इथंही चटण्या वाढल्या, आणि वाटणारे हात कमी झाले.

२०२५ च्या जुलैत टीसीएसनं आपली दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसं कमी करायचं जाहीर केलं. हे यंत्रामुळं नव्हे, माणसांची कौशल्यं कामाशी जुळत नाहीत म्हणून, असं कंपनीचं म्हणणं. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे धाव घेतली. इंजिनियर माणूस कामगार मंत्रालयाच्या पायऱ्या चढतो आहे, हे दृश्य बघायला लोखंडे हवे होते.

कायद्यात याची काहीच सोय नाही, असं नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं. माणसं कमी होतील अशी सुधारणा यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत करायची असेल, तर २१ दिवस आधी नोटीस द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यातही हे २१ दिवस आहेत. एकवीस हा आकडा आपल्याकडे मोदकांचा. पण हे मोदक कायद्याच्या लेखी जो कामगार, त्याच्याच ताटात पडतात. पुतण्याच्या कार्डावर कंपनीनं ‘लीड’ असं काहीसं छापून दिलं आहे, आणि पद वाढलं की माणूस कामगार उरतो का, या प्रश्नावर कित्येक वकिलांची घरं चालतात. आमच्या काळी बढती नाकारणारे कारकून होते. लोक त्यांना वेडे म्हणत.

इथवर मी युनियनचं वकीलपत्र घेऊन बोललो. पण जमाखर्चाला बसलोच आहे, तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आम्ही यंत्राचा भत्ता किती यावर घासाघीस करीत होतो, त्या वर्षांत काउंटरच्या पलीकडे पितळी टोकन हातात धरून माणसं उभी असत. स्वतःचेच पन्नास रुपये काढायला तासभर. पेन्शनर म्हातारे पायांवर वजन बदलत उभे असत. त्यांच्या वेळाचं खातं कुणी उघडलंच नव्हतं. गिऱ्हाइकाला युनियन नसते.

आणि त्याहून अवघड नोंद पुढची आहे. कुणाला घरी पाठवायचं नाही, असं करारात होतं, आणि पाठवलं नाही. पण माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा मात्र भरल्या नाहीत. नव्वदीनंतर कारकुनांची भरती आटत गेली. माझी खुर्ची युनियननं वाचवली, यात शंका नाही. मी उठल्यावर तिच्यावर जो बसला असता, त्याचं काय? असेल कुणी बार्शीचा नाही तर चिपळूणचा मुलगा, बी. कॉम. सेकंड क्लास, टायपिंग चाळीस. आपली नोकरी गेली हे त्याला कधी कळलंसुद्धा नाही, कारण ती त्याला लागलीच नव्हती. त्याच्या वतीनं गेटवर कोण उभं राहणार? त्याची वर्गणी कुठल्याच पगारातून कापून जात नव्हती.

आज तेच चाललं आहे, जरा जास्त वेगानं. पुतण्याच्या टीममध्ये दोन वर्षांत एकही नवा पोरगा आलेला नाही. नव्या पोरांना जे किरकोळ काम देऊन शिकवायचं, ते यंत्र करतं. मग उद्या यंत्राचं काम तपासायला शिकलेला माणूस आणणार कुठून, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘ते वरचे लोक बघतील.’’ तुमची संघटना या पोरांसाठी काही मागणार आहे का, असं विचारलं, तर म्हणाला, ‘‘ते मेंबरच नाहीत ना, काका.’’

मला रात्री झोप लागेना. शेवटी सकाळी सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी पंचाऐंशी ओलांडली, कानाला यंत्र लागलं (ते त्यांनी विनाअट स्वीकारलं), पण आवाज अजून गेट मीटिंगचाच आहे. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘त्यात काय अवघड आहे? वाचलेल्या तासांवर हक्क सांगा म्हणावं. पगार तोच ठेवून चार दिवसांचा आठवडा मागा. आणि उरलेल्या दिवशी त्या खुर्चीत नवा पोरगा बसवा.’’

‘‘साहेब, मालक देतील असं?’’

‘‘रविवार तरी कुठं दिला होता त्यांनी आपण होऊन?’’

हा निरोप मी त्याच दिवशी पुतण्याला पोचवला. त्याला पटलेला दिसला. संघटनेची मीटिंग आहे, तिथं मांडतो म्हणाला.

‘‘कधी आहे मीटिंग?’’

‘‘या रविवारी, सकाळी अकराला. पण येतील किती जण, सांगता येत नाही, काका. रविवारी लोकांना झोपायचं असतं.’’